छत्रीधारी सैनिकाचा चेहरा नेमका किती काळा?

प्रश्न : नॉर्मंडीतल्या (फ्रान्स, दुसरं महायुद्ध) अमेरिकन पॅराट्रूपरची १:३५ मापाची छोटी मूर्ती (फिगर) रंगवतोय. चेहऱ्यावर हिरवे-काळे पट्टे ओढले तर चालेल?

नको. ते कांडीने ओढलेले तिरके पट्टे आपल्या डोळ्यांत व्हिएतनामच्या छायाचित्रांमुळे बसले आहेत. ६ जून १९४४ ची उडी रात्रीची होती आणि गोऱ्या कातडीची चमक मारणं एवढंच काम होतं. जाळलेल्या बुचाची काजळी, चुलीतली काजळी, तेलात कालवलेला कोको, जे हाताशी असेल ते बोटांनी फासलं जाई. आदल्या दिवशी ग्रीनहॅम कॉमन तळावर सरसेनापती आयझेनहॉवर ५०२ व्या रेजिमेंटच्या जवानांशी बोलतानाचं छायाचित्र समोर ठेवा. त्यात नक्षी कुठेच नाही, नुसता माखलेपणा आहे. डायोरामात (मूर्ती मांडून केलेल्या देखाव्यात) पाच जण असतील तर पाचही सारखे माखू नका.

प्रश्न : काळा वॉश (पाण्यासारखा पातळ केलेला रंग) दिला की चेहरा सत्तरीतला दिसतो. काय चुकतंय?

वॉशच चुकतोय. तो सुरकुत्यांत आणि खाचांत साचतो. बोटाने फासलेली काजळी मात्र उंचवट्यांवर बसते: नाक, गालफडं, कपाळ, हनुवटी. चमकतातही तेच भाग. म्हणजे वॉश नेमका उलटा परिणाम देतो.

आधी कातडी आणि डोळे पूर्ण रंगवून घ्या. बुबुळाभोवती शुद्ध पांढरा वापरू नका, काळवंडलेल्या चेहऱ्यात तो बटणासारखा उठतो. मग दोन भाग जर्मन ग्रे (गडद राखाडी) आणि एक भाग बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळा. निव्वळ काळा या मापात भोक पडल्यासारखा दिसतो. एका थेंबाला पाच-सहा थेंब पाणी, ब्रश टिश्यूवर टिपून घ्या आणि उंचवट्यांवर तीन-चार पातळ थर द्या. प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या, नाहीतर खालचा उचलला जाऊन कडा पडतात. शेवटी स्पंजच्या बारीक तुकड्याने दोन-चार ठिपके टेकवले की कड मोडते. पापण्यांच्या कडा, ओठ आणि कानामागचा भाग मोकळा सोडा. हेल्मेटचा चामडी चिनकप (हनुवटीवरची वाटी) घासतो तिथे हनुवटी थोडी उजळ ठेवा आणि कॉलरच्या आतल्या कडेला डाग द्या. हातही रंगवायचेच, फासायला वापरलेली बोटं सर्वांत काळी.

वरून मॅट (बिनचमकीचं) वॉर्निश. कोको-तेलाचा लेप दाखवायचा असेल तर फक्त नाकावर आणि गालावर सॅटिन (किंचित चमकदार) वॉर्निश.

१:६ च्या चेहऱ्याला रंगापेक्षा काळ्या-तपकिरी सुक्या पेस्टलची पूड जास्त शोभते.

प्रश्न : मोहॉक केशरचना (डोक्याच्या मधोमध केसांचा पट्टा) आणि चेहऱ्यावरचे पांढरे पट्टे खरे की नंतरची दंतकथा?

खरे, पण मूठभरांचे. १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनच्या ५०६ व्या रेजिमेंटमधल्या, स्फोटकांनी पूल वगैरे उडवणाऱ्या तुकडीतले हे जवान; ५ जूनला टिपलेलं, एकजण दुसऱ्याचा चेहरा रंगवतानाचं छायाचित्र प्रसिद्ध आहे. अख्खी प्लाटून तशी केलीत तर जाणकार पहिल्या नजरेत हसेल.

प्रश्न : हीच फिगर मार्केट गार्डनसाठी (हॉलंडमधली हवाई मोहीम) वापरू?

१७ सप्टेंबर १९४४ ची उडी भर दिवसाची होती. चेहरा धुऊन टाका.

आणि उलट, दक्षिण फ्रान्समधल्या १५ ऑगस्टच्या पहाटेच्या उडीसाठी ५१७ व्या रेजिमेंटने गणवेशावरच रंग फवारले होते. तिथे नुसता चेहरा माखून भागणार नाही, कपडेही रंगवावे लागतील.

प्रश्न : टांगाइलच्या (आताचा बांगलादेश) १९७१ च्या उडीतला भारतीय २ पॅराचा (पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन) जवान करायचाय. काजळी लावू?

११ डिसेंबरची ती उडी दिवस मावळण्याआधी सुरू झाली. नॉर्मंडीची काजळी तिथे उचलून नेऊ नका. घाम आणि धूळ पुरे. २ पॅरा म्हणजे मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. परदेशी किटमधला गुलाबी फ्लेश (कातडीचा रंग) त्या चेहऱ्यांवर शोभत नाही. गडद तपकिरी पायावर गेरूच्या छटेने उजळा. संदर्भ निवडतानाही जपा: टांगाइलची म्हणून त्या वेळी जगभर छापली गेलेली छत्र्यांची गर्दी आग्र्यातल्या जुन्या सरावाची होती.