देवळाची वही, पंचायतीची वही

प्रिय सरपंचबाई,

तुझं पत्र मिळालं. देवळापुढच्या सभामंडपाला ग्रामनिधीतून दोन लाख द्या असं गावकीचं म्हणणं, आणि नाही म्हटलं तर ‘देवाच्या कामात आडवी आली’ हा शिक्का. दर सोमवारी देवळात जातेस, म्हणून आपणच दुटप्पी आहोत असं तुला वाटतंय. काहीतरीच! देवाला जा, पालखीपुढे फुगडी घाल. फक्त सरपंचाच्या सहीने देवळाचं बिल काढू नकोस. दोन वह्या, दोन खाती, दोन गल्ले. बाकी सगळ्यात तडजोड कर, यात नाही.

ग्रामसभेत घटनेचं कलम २७ वाचून दाखवायचा तुझा बेत दिसतो, एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी राखलेला कर भरायची सक्ती कुणावर करता येत नाही असं सांगणारं. वाच, पण त्यावर विसंबू नकोस. २०११ मध्ये हज अनुदानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की एखाद्या कराचा मोठा हिस्सा एका धर्मासाठी वापरला गेला तरच या कलमाचा भंग होतो. तुझे दोन लाख त्यात कुठेच बसत नाहीत. तेव्हा कोर्टाच्या भरवशावर राहू नकोस, वही सांभाळ.

आधी जागा बघ. नमुना ८ चा, म्हणजे पंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या नोंदीचा, उतारा काढ, सोबत सातबारा किंवा मिळकत पत्रिका. जागा देवस्थान ट्रस्टची असेल तर पंचायतीच्या पैशाने घातलेला पत्राही उद्या ट्रस्टचाच. मग किल्ली पुजाऱ्याकडे, आणि दुसऱ्या वस्तीतलं लग्न आलं की ‘आज मोकळा नाही’. ही पळवाट बहुतेक वेळा ‘सामाजिक सभागृह’ या नावाने येते. ठरावात ते दिसलं की विचार: जागा कुणाची, किल्ली कुणाकडे, भाड्याची पावती कोण फाडणार? तिन्हींचं उत्तर ‘पंचायत’ नसेल तर सही करायची नाही.

जत्रेला मात्र हात आखडू नकोस. पाण्याचे टँकर, फिरती शौचालयं, दिवाबत्ती, कचरा, प्रथमोपचार हे पंचायतीचंच काम. मंडप, स्पीकर, भंडाऱ्याचा शिधा, दक्षिणा जत्रा समितीच्या खात्यातून. उरुसालाही हाच हिशेब. टँकर किती ते गर्दी बघून ठरव.

सगळ्यात घाणेरडा प्रकार वर्गणीचा. माणूस घरपट्टी भरायला येतो, आणि पंचायतीच्या पावतीपुस्तकाखालून जत्रा समितीचं पुस्तक निघतं. वर्गणी दिली नाही तर येणेबाकी नसल्याचा दाखला ‘उद्या या’. ज्याचा दाखला अडतो तो तक्रार करत नाही, कारण पुढचा दाखलाही त्याच टेबलावरून घ्यायचा असतो. समितीच्या माणसाला कार्यालयाबाहेर बसव. शिपायालाही ते पुस्तक हातात घेऊ देऊ नकोस.

लोक म्हणतील, मुख्यमंत्री आषाढीला पंढरपुरात शासकीय महापूजा करतात, तू कोण मोठी लागून गेलीस? म्हणू देत. वरच्यांनी वह्या मिसळल्या म्हणून तू मिसळायच्या नाहीस. त्यांना सोमनाथ सांग. १९४७ मध्ये जीर्णोद्धाराचा विषय निघाला तेव्हा गांधीजींनी सांगितलं, सरकारी तिजोरीतून नको, लोकांकडून पैसा उभा करा. ट्रस्ट झाला, वर्गणी जमली, आणि मे १९५१ मध्ये राजेंद्रप्रसादांच्या हस्ते प्रतिष्ठापनाही झाली. राष्ट्रपतींनी जावं का यावर नेहरूंचं आणि त्यांचं वाजलं, ते वेगळं. पैशाची वही वेगळी होती म्हणून देवाचं काही अडलं नाही.

मला हटवादी म्हणतात, हे तुझ्या कानावर आलंच असेल. पण ‘एवढ्या एका वेळेला’ म्हणून केलेला अपवाद पुढच्या वर्षी ‘मागील ठराव क्रमांक’ होऊन समोर येतो, आणि मग तुझ्याकडे उत्तर नसतं. त्यापेक्षा हटवादी बरं.

सभेत नुसतं ‘नाही’ म्हणून बसू नकोस. समितीची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का विचार. नसेल तर ती करून घ्या, बँकेत खातं काढा, दोन सह्या ठेवा म्हणून सांग. कागदपत्रांना हवी ती मदत कर. खातं उघडलं की पहिली वर्गणी तू दे, स्वतःच्या पैशातून. पावतीवर नुसतं नाव घालायला लाव. ते ‘सरपंच’ लिहितीलच, खोडायला सांग.