मॅग्नेटो काढायचा की ठेवायचा?

या अंकासाठी पिस्टन विमानांच्या इग्निशनबद्दल, म्हणजे सिलिंडरमधले इंधन ठिणगीने पेटवणाऱ्या यंत्रणेबद्दल, बरेच प्रश्न आले. या इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि त्यांना ठिणगी द्यायला दोन मॅग्नेटो असतात; मॅग्नेटो बॅटरीशिवाय स्वतःच वीज तयार करतो. एकाच धाग्याचे होते म्हणून एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आमचे चौघांचे मिळून १९७६ चे सेस्ना १७२एम आहे. इंजिन लायकमिंग ओ-३२०-ई२डी. विमान घाटापलीकडच्या धावपट्टीवर असते आणि यंदा पावसाळाभर उभेच होते. चवथ आटोपल्यावर बाहेर काढले, तर सुरू व्हायला रडते. रन-अपला (उड्डाणाआधीच्या इंजिन चाचणीत) चावी डाव्या मॅग्नेटोवर नेली की इंजिनाची गती १७५ आरपीएमने पडते. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा, सगळे दुखणे जाईल, असा सल्ला मिळाला. बसवावे का? (वाचक, मडगाव)

उत्तर : बसवा, पण आधी दुखणे शोधा. नाहीतर नवे युनिट त्याच खराब प्लगांना ठिणगी देत बसेल.

या विमानाला १७०० आरपीएमवर कोणत्याही मॅग्नेटोची घट १२५ पेक्षा जास्त नको, आणि दोन्ही घटींतला फरक ५० च्या आत हवा. तुमची १७५ ही मर्यादेबाहेरचीच. मात्र घट किती आहे यापेक्षा ती कशी आहे हे जास्त सांगून जाते. इंजिन खडखडत, थरथरत पडत असेल तर एखादा सिलिंडर पेटत नाही, म्हणजे दोष प्लगमध्ये किंवा त्याच्या वायरीत. इंजिन गुळगुळीत चालतेय पण आकडा खाली गेला, तर टायमिंग मागे सरकले असण्याची शक्यता अधिक. आणि घट अजिबातच नसेल तर खूश होऊ नका: पी-लीड (चावीने मॅग्नेटो बंद करणारी वायर) तुटलेली असू शकते, म्हणजे चावी बंद असली तरी तो मॅग्नेटो जिवंत आहे. अशा विमानाचा पंखा हाताने हलवला तर इंजिन पेट घेऊ शकते.

खडखड असेल तर सिलिंडर शोधायला साधी युक्ती आहे. थंड इंजिन सुरू करून दोषी मॅग्नेटोवर मिनिटभर चालवा, बंद करा, आणि प्रत्येक एक्झॉस्ट पाइपच्या मुळाशी पाण्याचा थेंब सोडा. तीन ठिकाणी चर्रर होईल, चौथ्या ठिकाणी थेंब नुसता ओघळेल. सेस्नात डावा मॅग्नेटो डावीकडचे खालचे आणि उजवीकडचे वरचे प्लग पेटवतो, त्यामुळे कुठला प्लग काढायचा हे लगेच कळते.

ई२डीचे कॉम्प्रेशन ७:१. हे इंजिन ८० ऑक्टेनच्या जुन्या ॲव्हगॅससाठी (विमानाच्या पेट्रोलसाठी) घडवलेले. आजच्या १००एलएल ॲव्हगॅसमध्ये त्याच्या चौपट शिसे असू शकते. ते खालच्या प्लगांत बारीक करड्या गोळ्यांच्या रूपात साचते. २००० आरपीएमवर मिक्स्चर लीन करून (हवेतले इंधन कमी करून) मिनिटभर जाळून पाहा. नाही गेले तर प्लग काढा, साफ करा, गॅप ०.०१६ ते ०.०२१ इंच ठेवा आणि आतला रेझिस्टर ओहममीटरने मोजा. ५००० ओहमच्या वर गेलेला प्लग दिसायला कितीही चकचकीत असला तरी टाकून द्या. बसवताना तांब्याचा वॉशर नवा, घट्टपणा ३५ फूट-पौंड.

आता पावसाळ्याचा भाग. चार महिने दमट हवेत उभ्या विमानात वायरीच्या टोकाची स्प्रिंग हिरवी पडते आणि प्लगच्या विहिरीत ओल धरते. मॅग्नेटो उघडला की डिस्ट्रिब्यूटर ब्लॉकवर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसते का ते पाहा. ती रेघ म्हणजे ठिणगीने शोधलेली चोरवाट. ती घासून जात नाही, ब्लॉकच बदलावा लागतो. तसेच इम्पल्स कपलिंगचा (सुरू करताना मॅग्नेटोला झटका देऊन ठिणगी उशिरा आणि जोरदार पाडणाऱ्या भागाचा) खणखणीत ‘टक्’ आवाज येत नसेल, तर सुरू व्हायला रडण्याचे कारण बहुधा तेच. स्लिक बनावटीच्या मॅग्नेटोची दर ५०० तासांनी उघडून तपासणी करायची असते. ती थकली असेल आणि ब्लॉक, कॉइल, कपलिंग असे सगळेच बदलायचे झाले, तर मात्र हिशेब नव्या युनिटच्या बाजूने झुकतो. तेव्हा बदला, पण एकच. दुसरा मॅग्नेटो राहू द्या.

प्रश्न : एक मॅग्नेटो काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक युनिट बसवताना नेमके काय काय करावे लागते? पुस्तकात सगळे सोपे दिसते. (एएमईचा, म्हणजे विमान देखभाल अभियंत्याच्या परवान्याचा, विद्यार्थी, फोंडा)

उत्तर : काम खरेच मोठे नाही, पण चुका महागाच्या होतात. शुअरफ्लाय, इलेक्ट्रोएअर या कंपन्यांच्या संचांतले तपशील वेगवेगळे आहेत, तेव्हा त्या त्या सूचनापुस्तिकेतला आकडा हाच अंतिम. खालचा क्रम समजण्यासाठी.

पहिली गोष्ट: पी-लीड सोडली की मॅग्नेटो बंद होत नाही, उलट सुरू होतो. चावीचे ‘ऑफ’ म्हणजे पी-लीड जमिनीला जोडणे. वायर सुटली की ते जोडणे संपले. म्हणून आधी आठही प्लगांच्या वायरी काढा, मग पी-लीडला हात लावा.

वरचे प्लग काढा. एक नंबरच्या भोकावर अंगठा ठेवून पंखा फिरवा; अंगठा बाहेर ढकलला गेला की तो कॉम्प्रेशन स्ट्रोक. आता स्टार्टरच्या रिंग गिअरवर, स्टार्टरच्या घरावरच्या बारीक छिद्रासमोर खुणा पाहा. तिथे टीडीसीची (पिस्टन अगदी वरच्या टोकाला असल्याची) एक खूण आहे आणि त्याआधीच्या २५ अंशांची दुसरी. चूक होते ती इथे. मॅग्नेटो बसवायचा तो २५ अंशांच्या खुणेवर, कारण त्याची ठिणगी कायम तिथेच पडते. इलेक्ट्रॉनिक युनिट मात्र बहुतेक सगळी टीडीसीवर बसवतात आणि पुढचा ॲडव्हान्स (ठिणगी टीडीसीच्या किती अंश आधी पाडायची ते) ती स्वतः मोजतात. हाताच्या सवयीने युनिट २५ वर बसवले तर ठिणगी ५० अंश आधी पडेल. सुरू करताना इंजिन उलटा झटका देऊन स्टार्टरचे नाक फोडेल. त्यातूनही चालू झाले तर डेटोनेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधनाचा स्फोटासारखा भडका. खुणेवर येताना नेहमी पंखा मागे नेऊन मग पुढे फिरवत या, म्हणजे गिअरमधली ढिलाई निघून जाते. आणि तुमच्या इंजिनाचा आकडा २५ च आहे ना, हे डेटा प्लेटवर वाचा. काही लायकमिंग २० वर आहेत.

ज्या बाजूचा मॅग्नेटो इम्पल्सवाला असतो तिथे स्पेसर आणि लांब स्टड असतात. नवे युनिट स्पेसरशिवाय बसणारे असेल तर स्टडही बदलावे लागतात. लांब स्टडवर नट तळाला टेकतो, घट्ट वाटतो आणि युनिट सैलच राहते.

वीज थेट बॅटरीवरून घ्यायची, मास्टर स्विचमधून नाही, आणि फ्यूज किंवा ब्रेकर बॅटरीजवळ. १७२एमची बॅटरी फायरवॉलवरच असल्याने वायर हातभराचीच होते. यंत्रणा १४ व्होल्टची आहे. १९७८ पासूनच्या १७२ मध्ये २८ व्होल्ट आले, तेव्हा बाहेरून वीज लावताना गाडी कुठली ते पाहूनच लावा. इंजिन रबराच्या माउंटवर तरंगते, म्हणून इंजिन आणि फायरवॉल यांच्यातली ग्राउंडची पट्टी हाच परतीचा रस्ता. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत ती आतून सडते, वरून धडधाकट दिसते. स्टार्टर फिरत असताना तिच्या दोन टोकांत व्होल्टेज मोजा. ०.२ च्या वर दिसले तर पट्टी बदला.

चावीच्या मागे पाहायचे राहून जाते. या विमानांत ‘स्टार्ट’वर उजवा मॅग्नेटो जमिनीला जोडणारा एक जंपर असतो, कारण त्याला इम्पल्स नाही आणि सुरू होताना तो २५ अंशांवरच पेटला तर झटका बसेल. नवे युनिट डावीकडे बसवले तर जंपर तसाच ठेवा. उजवीकडे बसवले तर काढा, नाहीतर सुरू करताना नेमके नवे युनिटच गप्प बसेल आणि दोष युनिटच्या माथी येईल.

उरलेला मॅग्नेटो स्लिकचा असेल आणि त्याचे टायमिंगही त्याच दिवशी करत असाल, तर लॉकिंग पिन काढल्याशिवाय पंखा हलवू नका. आतला दात तुटतो.

शेवटी प्लग. पुस्तिका नव्या युनिटसाठी मोठा गॅप सांगत असेल तर द्या, पण मग शंभर तासांनी प्लग खालीवर फिरवताना सावध. वरचा प्लग खाली गेला की तो एका यंत्रणेकडून दुसरीकडे जातो. मोठ्या गॅपचा प्लग मॅग्नेटोच्या वाट्याला आला की सुरू व्हायला त्रास आणि मॅग्नेटोच्या कॉइलवर ताण. दोन ट्रे ठेवा, दोन रंगांच्या चिठ्ठ्या लावा.

प्रश्न : इंधन वाचते म्हणतात. किती? (वाचक, डिचोली)

उत्तर : समुद्रसपाटीला पूर्ण थ्रॉटलवर काहीच नाही, तिथे युनिटही २५ च्या आसपासच ठिणगी देते. फायदा वर. साडेसात हजार फुटांवर बाहेरचा दाब साधारण पाऱ्याचे २२.६ इंच उरतो. सिलिंडरमधले मिश्रण विरळ, म्हणून संथ जळते. ठिणगी आधी पडली तर दाबाचे शिखर योग्य जागी येते. बदलते टायमिंग हेच करते. म्हणजे सह्याद्री ओलांडून लांब जाणाऱ्याला उपयोग, धावपट्टीभोवती सर्किट मारणाऱ्याला फक्त सोपे सुरू होणे.

त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. ॲडव्हान्स वाढला की ईजीटी (एक्झॉस्टचे तापमान) उतरतो आणि सीएचटी (सिलिंडर हेडचे तापमान) चढतो. जुन्या ईजीटीच्या आकड्यावर लीन करायची सवय असेल तर फसाल. लायकमिंगची सीएचटी मर्यादा ५०० अंश फॅरनहाइट असली तरी क्रूझमध्ये ४०० च्या खाली ठेवलेले बरे. चारही सिलिंडरांना प्रोब नसतील तर युनिट मागवण्याआधी ते बसवा. आमच्या मते हा खर्च आधीचा.

प्रश्न : दाबोळीला आमच्या शेजारी आयएनएस हंसा. हंसा नावाच्या विमानात मॅग्नेटोच नाही असे ऐकले. मग बॅटरी गेली तर? (वाचक, वास्को)

उत्तर : नावाची गंमत आहे. आयएनएस हंसा हा नौदलाचा तळ. हंसा-३ हे बेंगळुरूच्या एनएएलने (नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजने) घडवलेले दोन आसनी प्रशिक्षण विमान. त्यात रोटॅक्स ९१४ इंजिन आहे. त्याला दोन स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहेत आणि त्यांची वीज इंजिनाच्याच जनरेटरवरच्या वेगळ्या कॉइलमधून येते. बॅटरी मेली तरी ठिणगी चालू. लायकमिंगवर बसवायच्या संचांना ही सोय बहुधा नसते, म्हणून तर दुसरा मॅग्नेटो ठेवायचा.

तुमच्याच जवळ, नौदलाच्या विमान संग्रहालयात सुपर कॉन्स्टेलेशन विमान उभे आहे, ते जाऊन पाहा. प्रत्येक इंजिनाला १८ सिलिंडर, म्हणजे ३६ प्लग, आणि अशी चार इंजिने. रन-अपला एखादा प्लग बसला तर तो शोधणाऱ्याची अवस्था डोळ्यांसमोर आणा.

प्रश्न : युनिट बसवले. आता चावी एका बाजूला नेली की जेमतेम ३० ने पडते, दुसऱ्या बाजूला ११० ने. ५० च्या फरकाचा नियम मोडला का? शिवाय आठवड्याने बॅटरी उतरलेली मिळाली. (वाचक, पेडणे)

उत्तर : फक्त इलेक्ट्रॉनिकवर चालताना घट कमी आणि फक्त मॅग्नेटोवर जास्त, हे अपेक्षितच. जोडीच्या दोन मॅग्नेटोंसाठीचा नियम इथे तसाच लागू होत नाही. संचाबरोबर आलेल्या फ्लाइट मॅन्युअलच्या पुरवणीतले आकडे धरा. पहिल्या दिवशीचे दोन्ही आकडे कॉकपिटमध्ये लिहून ठेवा. मॅग्नेटोची ११० पुढे १४० झाली तर तोच थकतोय. नवे युनिट इंजिन इतके छान चालवते की मॅग्नेटोचे आजारपण झाकले जाते. त्याची ५०० तासांची तपासणी आता अधिक काटेकोरपणे करा.

बॅटरीचे कारण चावी. मिक्स्चर ओढून इंजिन बंद केले आणि चावी ‘बोथ’वरच राहिली असणार. वीज मास्टरमधून जात नाही, त्यामुळे मास्टर बंद असूनही युनिट बॅटरी पीत राहते. आणि युनिट डावीकडे बसवले असेल तर उतरलेल्या बॅटरीवर पंखा हाताने मारून चालू करायचा मार्गही आता नाही: डाव्या बाजूचे इम्पल्स कपलिंग मॅग्नेटोबरोबर गेले, उजव्याला ते कधी नव्हतेच. बॅटरी काढून चार्ज करा.

प्रश्न : कागदपत्रे कोणती? परदेशातून मागवून आपल्या मेकॅनिककडून बसवले तर? (वाचक, साखळी)

उत्तर : व्हीटी नोंदणीच्या, म्हणजे भारतात नोंदलेल्या, विमानावर नाही चालणार. अमेरिकेच्या एफएएचा (तिथल्या विमान नियामकाचा) एसटीसी (मूळ रचनेत बदल करण्याची मान्यता) हातात असला तरी बसवण्याआधी डीजीसीएची, म्हणजे आपल्या नियामकाची, मान्यता लागते. एसटीसीच्या यादीत तुमच्या इंजिनाचे मॉडेल शेवटच्या अक्षरापर्यंत जुळते का ते पाहा. ई२डी आणि एच२एडी हे दोन्ही ओ-३२० असले तरी एच२एडीला दोन मॅग्नेटो एकाच घरात, एकाच शाफ्टवर आहेत, तिथे एकच काढून ठेवायचा प्रश्नच येत नाही. युनिटबरोबर त्याचे मूळ रिलीज सर्टिफिकेट हवे. काम आणि सही बी१.२ (पिस्टन विमानांच्या) परवान्याच्या एएमईची, मान्यताप्राप्त संस्थेतून. नंतर इंजिन व एअरफ्रेमच्या लॉगबुकात नोंद, वजन-संतुलनाच्या कागदात बदल, फ्लाइट मॅन्युअलची पुरवणी विमानात, आणि युनिटच्या देखभालीच्या सूचना तुमच्या मेंटेनन्स प्रोग्रॅममध्ये. घरी बांधलेल्या प्रायोगिक विमानांसाठी विकली जाणारी युनिटे स्वस्त दिसतात. ती या विमानावर बसत नाहीत, निदान कागदावर तरी.