कोळशाचा भागाकार

"मॅडम, हा दिवसभर मोबाइलवर ठोकळे रचत बसतो आणि भागाकाराच्या नावाने बोंब. याचं डोकं बाद झालंय का हो?" चौथीतल्या मुलाच्या आईचा हा प्रश्न. शब्द बदलतात, पण असं विचारणारे पालक माझ्याकडे सतत येतात. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मुलगा माइनक्राफ्ट खेळायचा. वही काढायला तो तयारच नव्हता, म्हणून मी गणिताचं नाव न घेता खेळाबद्दलच विचारलं. स्वारी लगेच खुलली. त्या खेळात भट्टी असते. भट्टीला कोळसा लागतो आणि एका कोळशावर आठ वस्तू वितळतात.

"मग चाळीस लोखंडाला किती कोळसे?"

"पाच."

"आणि चव्वेचाळीसला?"

"सहा लागतील. पण सहाव्याची अर्धी आच फुकट जाते."

४४ भागिले ८ हेच मी कागदावर मांडून दिलं, तर पोरगं पेन्सिल चावत बसलं. आई त्याच्याकडे बघतच राहिली. बाकी म्हणजे काय, हे त्याला चांगलं कळत होतं, फक्त वहीतल्या खुणांशी त्याचा काही संबंध आहे हे त्याला कुणी दाखवलं नव्हतं.

हे मोबाइलमुळेच होतं असं नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांवरचा एक अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. धंद्यावर असताना त्यांचे ९८ टक्के हिशेब बरोबर येत होते. तसेच हिशेब कागदावर नुसत्या आकड्यांत दिले, तर बरोबर उत्तरं ३७ टक्क्यांवर आली. तिथे बाजार होता, इथे खेळ आहे. खेळात चूक झाली तर ओरडा बसत नाही, कोळसा कमी पडला तर तिथल्या तिथे दिसतं, म्हणून मूल शंभरदा करून बघतं. मात्र तिथे शिकलेलं आपसूक वहीत उतरत नाही. त्यासाठी शेजारी बसून विचारणारं माणूस लागतं.

ते काम मी त्याच्या वडिलांवर सोपवलं. रोज रात्री जेवणानंतर त्यांनी मुलाकडून खेळातला एक हिशेब समजून घ्यायचा आणि दोघांनी मिळून तो वहीत मांडायचा. वडिलांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, ते पथ्यावरच पडलं. मुलगा मास्तर झाला!

बोलता बोलता एक गोष्ट बाहेर आली. तो मोबाइल घेऊन बसतो त्यातला निम्मा वेळ खेळात नव्हे, छोटे व्हिडिओ सरकवण्यात जात होता. तिथे मी अजिबात सूट दिली नाही. रचणं आणि नुसतं बघणं यांना मी एका मापाने मोजत नाही. शिवाय पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने स्क्रीनची मर्यादा दिवसाला दोन तासांच्या आत ठेवली आहे आणि त्यात खेळही येतो. झोप आणि संध्याकाळचं मैदान यांच्या आड तर काहीच येता कामा नये.

खरं सांगायचं तर मला जास्त काळजी वाटली ती आईच्या मांडीवरच्या दीड वर्षाच्या बहिणीची. "हिला मोबाइलवर गाणी लावली की मुकाट जेवते, एबीसीडीसुद्धा शिकतेय," असं आई कौतुकाने म्हणाली. या वयात मूल पडद्यावरच्या माणसापेक्षा समोरच्या माणसाकडून कितीतरी जास्त शिकतं. दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच, नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालेल, असं तीच संघटना सांगते. दादाच्या खेळाला मी वेळ ठरवून दिली, छोटीचा मोबाइल पूर्ण बंद करायला लावला.

पुढच्या भेटीत मुलाने भागाकाराची उदाहरणं सोडवून दाखवली. अक्षर अजून कोंबडीचे पाय आहे आणि वेळ संपली की मोबाइलवरून अजूनही रडारड होते. छोटी सुरुवातीला जेवायला खूप त्रास द्यायची. आता आजी भरवते आणि चिऊकाऊच्या घासांना तासभर लागतो, अशी आईची नवी तक्रार आहे. ती मी आनंदाने ऐकून घेते.