सोलर वॉटर हीटरवर सरकारी सबसिडी मिळते का? पुण्यात बंगल्यावर बसवायचा आहे.

वॉटर हीटरवर नाही. केंद्राची होती, ती २०१४ मध्येच बंद झाली. जाहिरातीत दिसणारे ७८,००० रुपये पीएम सूर्यघर योजनेचे, म्हणजे वीज बनवणाऱ्या पॅनेलचे, तेही ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला. पाणी तापवणाऱ्या नळ्यांना त्यातला एक रुपया नाही. 'सबसिडी वजा करूनच भाव सांगतोय' म्हणणाऱ्या डीलरला चहासुद्धा विचारू नका.

पुणे मनपाची मिळकतकरातली सवलत मात्र खरी: नुसता सोलर असेल तर ५ टक्के, जोडीला गांडूळखत किंवा पर्जन्यजलसंचय असेल तर १०. सरकारी कर त्यातून वगळतात, आणि यंत्रणा चालू स्थितीत असावी लागते.

बोंब इथेच आहे. 'पाणी तापतच नाही' ही तक्रार आली की सगळे गच्चीवर धावतात, दोष असतो बाथरूममध्ये. बंगल्यांत हमखास दिसणारा प्रकार: ऊन कडक, नळ्या धडधाकट, तरी नळाला कोमट पाणी, आणि एअर व्हेंटमधून (टाकीवरची हवेची उघडी नळी) गच्चीभर ओघळ. थंड लाइनला प्रेशर पंप, गरम लाइन नुसत्या उतारावर. हँड शॉवर त्याच्या बटणावरच बंद करून मिक्सर (गरम-थंड एकत्र करणारा नळ) उघडा ठेवला की थंड पाणी मिक्सरमधून गरम लाइनीत घुसतं आणि उलटं टाकीपर्यंत चढतं. तुमचं तापलेलं पाणी व्हेंटमधून गच्चीवर. प्रत्येक मिक्सरच्या गरम बाजूला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाका, म्हणजे पाणी उलटं जाणार नाही. स्प्रिंगचा नको, उताराच्या दाबाला तो नीट उघडत नाही, फ्लॅपचा घ्या.

गरम लाइन लांबवू नका. पाऊण इंची पाइपात मीटरला साधारण ३०० मिली पाणी मावतं. ३० मीटर लाइन म्हणजे रोज सकाळी ९ लिटर थंड पाणी मोरीत. वर इन्सुलेशन हवंच. हीटरच्या रिकाम्या काचेच्या नळ्यांत भर दुपारी पाणी सोडाल तर काच तडकेल, पहाटेच भरा.

१०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साडेतीन युनिट वीज लागते. हिशोब त्यावर करा, सबसिडीवर नको. अर्थात पावसाळ्यात गीझर लागणारच, आणि बोअरचं जड पाणी असेल तर नळ्यांत क्षार बसतो, वर्षातून एकदा साफ करावा लागतो.

आणि व्हेंट गळतो म्हणून त्याला टोपी ठोकणारा प्लंबर भेटला तर आधी त्याला खाली उतरवा. व्हेंट बंद असताना टाकीतलं पाणी ओढलं गेलं की आत पोकळी होते आणि आतली टाकी चेपते. टाकी नवी घ्यावी लागते. तो म्हणेल, 'इतकी वर्षं असंच करतोय.'