तूरडाळीचे १४ रुपये आणि मुलीच्या नावावरची पॉलिसी

कोल्हापूरच्या फुलेवाडीतून एका ताईंचं पत्र आलंय. मिस्टर शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत सुपरवायझर, हातात ५२,००० येतात, त्यातले १४,००० घराच्या हप्त्याला जातात. मुलगी नऊ वर्षांची, येत्या जूनमध्ये दहा पूर्ण होतील. ताईंनी गेले चार महिने किराण्याचे भाव लिहून ठेवलेत, डी-मार्ट, दुसरा एक मॉल, घरपोच देणारं ॲप आणि लक्ष्मीपुरीतलं होलसेल दुकान, अशा चार ठिकाणचे, ३८ वस्तूंचे. विचारतात की यातलं कुठलं एक दुकान धरू, आणि महिन्याला ६०० रुपये वाचले आणि ते एसआयपीत (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम) टाकले तर १८ टक्क्यांनी मुलीच्या इंजिनिअरिंगला किती होतील.

ताई, वहीचा फोटो बघितला. मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं, पट्टीनं आखलेले रकाने, आणि तूरडाळीच्या ओळीत एक आकडा दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलाय कारण एका ठिकाणचं पाकीट किलोचं नव्हतं, ९०० ग्रॅमचं निघालं. हे शंभरातल्या नव्वद लोकांच्या लक्षात येत नाही, तुमच्या आलं. तेलाचंही तसंच बघा, एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, एक किलो नव्हे, त्यामुळं लिटरची पिशवी आणि किलोची पिशवी यांचा भाव शेजारी शेजारी लावू नका. हल्ली पाकिटावर एमआरपीजवळ ग्रॅममागे नाहीतर मिलीमागे दर छापलेला असतो, वहीत तोच उतरवा.

आता दुकान कुठलं, तर एकच दुकान धरायची गरज नाही. साबण, पावडर, तेल, चहा असलं पॅकबंद सामान महिन्यातून एकदा डी-मार्टातून, तेही यादी घेऊन आणि शक्यतो एकटीनं जाऊन. गहू, तांदूळ, डाळी लक्ष्मीपुरीतून सुट्या घ्या. पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर २५ किलोपर्यंत जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी लागतो, सुट्या मालावर नाही, तुमच्या तूरडाळीत किलोमागे १४ रुपयांचा फरक दिसतोय त्यातला निम्मा तरी हाच असणार. चटणीची मिरची उन्हाळ्यात वर्षाची घेताच, तसा गहूपण वर्षाचा घ्या, एरंडेल लावून ठेवा. ॲप फक्त अडीनडीला. आणि चार दुकानं हिंडायचं बंद करा, गाडीचं पेट्रोल आणि मॉलमध्ये यादीबाहेर उचललेल्या दोन वस्तू धरल्या की ६०० चे ४०० होतात.

४०० ची एसआयपी नऊ वर्षं, १२ टक्के धरले तरी ७५-८० हजार. १८ टक्के तुम्हाला कुणी सांगितले माहीत नाही पण ते डोक्यातून काढा. एखाद्या चांगल्या वर्षात मिळतात, मग मागची-पुढची दोन वर्षं ते खाऊन टाकतात. इंजिनिअरिंगची फी असल्या आकड्यावर ठरवायची नसते.

किराण्याचं इतकंच. पण पत्राच्या शेवटी तुम्ही सहज एक ओळ लिहिलीय, ती वाचून मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तुम्ही लिहिता, मुलीच्या शिक्षणाचं तसं टेन्शन नाही, तीन वर्षांपूर्वी एफडी संपली तेव्हा बँकेतल्या साहेबांनी त्याच पैशात गॅरंटीड प्लॅन दिला, वर्षाला १ लाख, दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी १८ लाख. सोबत पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो आहे.

ताई, तो प्लॅन सुरू झाला तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती. सहा आणि वीस सव्वीस. इंजिनिअरिंगची पहिली फी भरायची अठराव्या वर्षी आणि हे पैसे येणार ती सव्वीसची झाल्यावर. शिक्षणासाठी म्हणून जो प्लॅन दिला त्याचे पैसे शिक्षण संपून चार वर्षं झाल्यावर येतायत, आणि हे विकणाऱ्याला मुलीचं वय माहीत होतं, फॉर्मवर त्यानंच भरलंय.

दुसरं, त्या फोटोत विमा कुणाचा आहे तो रकाना बघा. तिथं मुलीचं नाव आहे. म्हणजे विमा नऊ वर्षांच्या पोरीच्या जिवाचा, आणि घर ज्यांच्या पगारावर चालतं त्यांच्या जिवाचा एक रुपयाचाही नाही. रायडरचा (मूळ विम्याला जोडून घ्यायची जादा सोय) रकाना कोरा आहे, म्हणजे उद्या मिस्टरांचं काही बरंवाईट झालं तर पुढचे हप्ते माफ होण्याची सोयही नाही. पगार बंद, घराचा हप्ता चालू, आणि वर या पॉलिसीचे वर्षाला लाख रुपये भरायचे. असलं मी नेहमी बघतो आणि दरवेळी तितकाच राग येतो, कारण आईबापाला मुलाचं नाव दिसलं की ते बाकीचं वाचत नाहीत हे विकणाऱ्याला बरोबर ठाऊक असतं.

तिसरं, १८ लाखांचा हिशेब. १० लाख भरून १८ मिळाले म्हणजे जवळजवळ दुप्पट वाटतं, पण वीस वर्षांचा मामला आहे, दर पडतो वर्षाला पावणेचार टक्के. एफडीसुद्धा यापेक्षा जास्त देते. पीपीएफ या सरकारी बचत योजनेचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे, तेच दहा लाख त्याच दहा वर्षांत तिथं भरले आणि पंधरा वर्षांचं खातं पाच वर्षं वाढवून विसाव्या वर्षापर्यंत ठेवलं तर २९ लाखांच्या पुढं जातात, दर आहे तोच राहिला असं धरून. फरक ११ लाखांचा, वीस वर्षांवर पसरला तर महिन्याला साडेचार हजार. तुम्ही चार महिने उन्हातून हिंडून ४०० शोधलेत, आणि साडेचार हजार एका सहीत गेले. हा दोष तुमचा नाही. पण आता कळलंय तर चौथा हप्ता भरायच्या आत थांबायला हवं.

पॉलिसी मोडा असं मात्र मी म्हणत नाहीये. तीन हप्ते भरून मोडली तर भरलेल्या ३ लाखांतले कमीत कमी ३५ टक्के हातात येतील, लाखभर समजा, कंपनीनं थोडे जास्त दिले तर चांगलंच. दुसरा रस्ता पेड-अपचा, म्हणजे हप्ता भरायचा बंद करायचा आणि पॉलिसी कमी रकमेवर तशीच पडून राहू द्यायची. तसं केलं तर सव्वीसाव्या वर्षी मुलीला ४ लाखांच्या आसपास मिळावेत. लाखभर रुपये काढून ८ टक्क्यांनी सतरा वर्षं लावले तरी पावणेचार लाखच होतात, दोन्ही जवळपास सारखं, मग मोडून तोटा कशाला पदरात घ्यायचा. पेड-अप करा. पण आधी कंपनीकडून लेखी घ्या की आज सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर किती आणि पेड-अप केली तर विसाव्या वर्षी किती. तोंडी आकडा घेऊ नका आणि त्याच साहेबांकडं जाऊ नका, ते हप्ता चालू ठेवा म्हणूनच सांगणार, किंवा ही मोडून नवीन घ्या म्हणतील, ते जास्त वाईट.

उरलेले सात हप्ते भरूनच टाकू, इतके भरलेत तर, असं मिस्टर म्हणतील. त्यांना सांगा, ते ७ लाख पीपीएफच्या दरानं गेले तर त्याच मुदतीला साडेअठरा लाख होतात, वर पेड-अपचे ४. हप्ते भरत राहिलो तर सगळे मिळून १८.

मग सुटलेल्या लाखाचं काय करायचं. सगळ्यात आधी मिस्टरांच्या नावानं साधा टर्म इन्शुरन्स (मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे, नाहीतर काही परत नाही), पाऊण ते एक कोटीचा, साठ वर्षांपर्यंत. चाळिशीच्या, सिगारेट-तंबाखू नसलेल्या माणसाला वर्षाला वीस-बावीस हजारांच्या आसपास पडावा, आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेलाय. पैसे परत मिळणारा टर्म घेऊ नका, कुणी कितीही गोड बोललं तरी. तंबाखू असेल तर फॉर्मवर लिहा, फौंड्रीतलं काम आहे तेही लिहा, लपवलं तर क्लेमच्या वेळी तुम्ही एकट्या पडाल.

मग राहतात ७८-८० हजार. त्यातले ४० हजार सुकन्या समृद्धी या मुलींसाठीच्या सरकारी बचत योजनेत, बाकीचे महिन्याला ३,००० असे साध्या इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणं चालणारा म्युच्युअल फंड), आणि मुलगी सोळाची झाली की हे फंडातले हळूहळू एफडीत आणायचे. सुकन्याचा दर सध्या ८.२ टक्के, सरकार तो दर तिमाहीला ठरवतं. नऊ वर्षांत साडेपाच लाखांच्या जवळ जातात, आणि अठरानंतर शिक्षणासाठी त्यातले निम्मे काढता येतात. फंडात १० टक्के धरले, ताई, १८ नव्हे, तर पाच लाखांच्या आसपास. म्हणजे पोरगी अठराची होईल तेव्हा हातात पावणेआठ लाख. आत्ताच्या प्लॅनमध्ये त्या दिवशी शून्य आहे.

कंपनीच्या मेडिक्लेमवर तुम्ही सगळे अवलंबून आहात, नोकरी सुटली की तो जातो, वर्षभरात घरचा वेगळा घ्यायचा आहे हे वहीत लिहून ठेवा.

तक्रार करायची असेल तर करा, मी म्हणतो कराच. एफडीच्या जागी विमा दिला, शिक्षणासाठी म्हणून दिला आणि पैसे सव्वीसाव्या वर्षी, हे तीन मुद्दे लिहून आधी कंपनीला, मग विमा नियामक आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर, तरीही नाही ऐकलं तर पुण्यातल्या विमा लोकपालाकडं, तिथं फी लागत नाही. सह्या तुमच्या आहेत आणि फ्री-लुकची, म्हणजे नको असलेली नवी पॉलिसी परत करायची, मुदत कधीच संपलीय, त्यामुळं सगळे पैसे परत येतील या आशेवर बाकीची कामं थांबवू नका.

आणि सुकन्याचं खातं मुलगी दहाची व्हायच्या आतच उघडता येतं, जूनमध्ये एक दिवस जरी वर गेला तर पोस्टवाले उघडणार नाहीत. लाख रुपये मोकळे व्हायची वाट बघू नका, सुरुवातीला २५० रुपयेही चालतात. या आठवड्यात मुलीचा जन्मदाखला, तुमचं आधार, पॅन आणि दोन फोटो घेऊन पोस्टात जाऊन या.