जुन्या युरोपीय चित्रांत दात उपटणाऱ्याच्या गळ्यात दातांची माळ का असते?

मी दातांचा डॉक्टर, चित्रांतला जाणकार नव्हे. पण माळ म्हटल्यावर मला थिओडोर रोमबाउट्सचं चित्र आठवतं. हा अँटवर्पचा चित्रकार (१५९७–१६३७), आणि चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. तरुणपणी तो इटलीत राहून आला, तिथून काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराची धाटणी उचलली: मागे अंधार, एका बाजूने उजेड, टेबलाभोवती दाटीवाटीने बघे.

ती माळ म्हणजे त्या दात उपटणाऱ्याची पाटी. मी पदवी चौकटीत घालून दवाखान्यात टांगली आहे, तो उपटलेले दात गळ्यात टांगतो. टेबलावरही नीट बघा, अवजारांबरोबर मोहोर लावलेले कागद मांडलेत. गावोगावच्या जत्रांतून फिरणाऱ्याला असा पुरावा जवळ बाळगावाच लागे. खोटा असला तरी! माळेत दात दिसतात, ज्यांचे ते होते त्यांचं पुढे काय झालं ते कुठं दिसतं? मूळ आत तुटून राहिलं, जबडा सुजला, तरी तोवर स्वारी पुढच्या गावी. ईथरची भूल आली १८४६ मध्ये, म्हणजे त्या काळी सगळा भरवसा हाताच्या झटक्यावर आणि तोंडाच्या बडबडीवर.

त्यामुळे अशा चित्रांचा विषय माझ्या मते वैद्यकी नाहीच, फसवणूक आहे. डच भाषेत आजही पक्क्या थापाड्याला ‘दात उपटणाऱ्यासारखा खोटं बोलतो’ म्हणतात. (आमच्या धंद्याची कीर्ती!) लायडनच्या लुकास या डच चित्रकाराने १५२३ साली केलेल्या कोरीव चित्रात तर रोगी तोंड वासून बसलाय आणि मागून एक बाई त्याच्या थैलीत हात घालतेय.

आता खरी गंमत. दात किडतो तो आतल्या अळीमुळे, असं तेव्हा युरोपभर मानत. फिरते वैदू खुरासानी ओव्याच्या बियांची धुरी देत आणि अळी पडली म्हणून दाखवत. १५९७ मध्ये जॉन जेरार्ड या इंग्रज वनस्पतीतज्ज्ञाने लिहून ठेवलंय की ते लबाड पाण्यात वाद्याच्या तारेचे बारीक तुकडे टाकून त्यांनाच अळ्या म्हणत. पुढे पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने सूक्ष्मदर्शकातून शोधलं, अळी काही सापडली नाही. १७२८ च्या ग्रंथात त्याने तसं स्पष्ट लिहिलं.

आपण मात्र अजून ‘दाताला कीड लागली’च म्हणतो. मागच्याच आठवड्यात रूट कॅनाल संपवून मी हातमोजे काढत होतो, तर आजींनी विचारलं, “काढली ना रे कीड? दाखव बघू.”