वाळवंटातल्या नदीकाठी पाच हजार वर्षांपूर्वी माणसं कशावर जगत होती?

तुमचा प्रश्न असा, की राजस्थानातली घग्गर पावसाळा सोडला तर बहुतेक कोरडीच, मग तिच्या काठी इतकी जुनी गावं जगली कशी? मी शेतकरी घरातला, त्यामुळे मला याचं उत्तर एका शेतापासूनच सुरू करावंसं वाटतं.

हनुमानगढ जिल्ह्यात घग्गरकाठी कालीबंगा हे हडप्पा काळातलं पुरातन वस्तीचं ठिकाण आहे. पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल आणि बी. के. थापर यांच्या देखरेखीखाली १९६०च्या दशकात तिथे उत्खनन झालं. तटबंदीच्या बाहेर, आग्नेयेला, इ.स.पू. २८००च्या सुमाराचं नांगरलेलं शेत निघालं. पूर्व-पश्चिम तासं (नांगराने पडलेल्या रेघा) फूटभर अंतरावर, त्यांना छेदणारी दक्षिणोत्तर तासं सव्वासहा फुटांवर. त्या भागातले शेतकरी आमच्या काळातही अशीच पेरणी करताना दिसले: जवळच्या तासांत कडधान्य, लांबच्या तासांत मोहरी. आपण मोघण घालतो ना, म्हणजे एका पिकात दुसऱ्याच्या ओळी, तोच विचार. मोहरी दक्षिणोत्तरच का? हिवाळ्यात दुपारचा सूर्य दक्षिणेला कललेला असतो; उंच मोहरीची सावली तिच्याच ओळीवर पडते आणि खालच्या पिकाला ऊन मिळतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी अक्षरशः उठून उभा राहिलो होतो.

म्हणजे रब्बीची शेती. गहू, जव, हरभरा. सोबत वशिंडाची गुरं, शेळ्या-मेंढ्या. एकशिंगी गेंड्याची हाडंही तिथे मिळाली आहेत! गेंड्याला दलदल आणि उंच गवत लागतं, म्हणजे नदीकाठ तेव्हा आजच्यासारखा रुक्ष नव्हता.

पण नदी मोठी होती म्हणून गावं वसली, हे मला पटत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या भूशास्त्रीय अभ्यासानुसार सतलज सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच घग्गरचं हे पात्र सोडून गेली होती. मागे उरली तिची रुंद, सखल दरी आणि शिवालिक टेकड्यांतून येणारं पावसाळी पाणी. हिमालयीन नदीचा लोंढा गाव वाहून नेतो, पात्र बदलतो. इथे तो धोका कमी होता. पाणी पसरायचं, गाळ बसायचा, आणि ओलीवर रब्बी यायची.

इ.स.पू. १९००च्या सुमारास कालीबंगा ओस पडलं. त्यानंतरच्या वस्त्या पूर्वेकडे, जास्त पावसाच्या भागात वाढलेल्या दिसतात.

तिकडे गेलात तर शेत दिसणार नाही. जपण्यासाठी ते पुन्हा मातीने बुजवलंय. तरी आग्नेयेच्या बाजूला थोडा वेळ थांबा.